पाच तिरड्यांचं सामान

बहुतेक तपास आठवायचे तर मला जुनी टिपणं काढावी लागतात. जामसरच्या माळावरच्या या प्रकरणाला कधी टिपण लागलं नाही. वारा सुटला की ते आपोआप आठवतं.

तेव्हा जव्हार संस्थान होतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळा पाहिली नव्हती. संस्थानच्या मदतीने मी पदवीधर झालो आणि तिथेच फौजदार म्हणून लागलो. ते ऋण मी कधी विसरलो नाही.

एका सकाळी बाजारातले वयस्कर कापडवाले शेटजी ठाण्यात आले. एरवी ते ठाण्याची पायरी चढत नसत.

"फौजदारसाहेब, जामसरकडचा एक माणूस दोन महिन्यांत पाच मयतांचं पांढरं कापड घेऊन गेला. बुरुडाकडून तेवढेच बांबू, आणि वर सुतळी."

"तिकडे साथ आहे का?"

"साथ असती तर कळलं असतं. कोण गेलं विचारलं की दर वेळी म्हणतो, घरचं. आणि माळावरच्या घरी तर तो एकटाच असतो."

आमच्याकडे मयताचं सामान कोणी पारखून घेत नाही. दुकानदार जे देईल ते मुकाट्याने उचलायचं. वाईट निघालं तरी परत आणायचं नाही आणि उगाच चौकशीही करायची नाही. म्हणूनच शेटजी दोन महिने गप्प राहिले होते. मला पहिला प्रश्न पडला तो हा, की पाच प्रेतं गेली कुठे?

त्याच दिवशी मी जुन्या हवालदाराला घेऊन निघालो. तो त्याच भागातल्या पाड्यावरचा. वाटेत गवत कापणारी एक म्हातारी भेटली. माळाचं नाव काढताच तिने विळा खाली ठेवला.

"वर नका जाव, साहेब. सूर्यमाळच्या डोंगराच्या अंगानं वारा आला का तिथं तिरडी कण्हते."

"आजे, मेलेला कण्हत नाय," हवालदार म्हणाला. "कण्हतं ते आमचं गिऱ्हाईक."

ती हसली नाही. थोडं वर गेल्यावर हवालदारही कान देऊन चालू लागला. दुपार होती, तरी माळावर धुकं उतरलं होतं आणि त्यातून खरोखर कण्हल्यासारखा लांबट आवाज येत होता. मग ते दिसलं. दोन्ही हात पसरून उताणं पडलेलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी. माणसापेक्षा कितीतरी मोठं. त्याच्याजवळ बसून एक माणूस त्याला हाताने तांदळाची पेज चोळत होता.

"मयत कुठे आहे?" मी विचारलं.

"मयत नाय, साहेब. इमान हाय."

धुकं सरकलं तशी सायकलची चाकं दिसली. मोडीतल्या मोटारसायकलचं इंजिन, घासलेटचा डबा आणि पाय कापलेली खुर्चीही दिसली. विमानाच्या पंखांना ताणलेल्या तारा वाऱ्यात कण्हत होत्या. पेजेने कापड ढोलासारखं ताठ झालं होतं.

तिथेच दगडावर बसून जबाब घेतला. तो मुंबईत मोटारी दुरुस्त करायचा. एकदा डोक्यावरून विमान गेलं, तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना.

"मग मयताचं नाव का घेतलंस?"

"इमानाला कापड पायजे म्हटलं असतं तर अख्खा बाजार हसला असता. मयताला कोण हसत नाय."

"उडणार कधी?"

"उद्या. वारा बरा हाय." त्याने कड्याकडे बोट दाखवलं.

एवढ्यात हवालदाराने सवयीने काठी बांबूवर मारली. टणक आवाज यायला हवा होता, तो भद्द आला. दुसऱ्यावर मारली, तिसऱ्यावर मारली. तिसरा फोडला तर आतून पिवळी भुकटी सांडली. भुंग्याने बांबू आतून खाल्ले होते.

"गड्या, बांबू वाजवून नाय घेतलेस?"

"तिरडीचं कसं वाजवून घेनार?" तो म्हणाला. त्याने सांडलेली भुकटी बोटांनी चाळली, पण हट्ट सुटेना. "राहू दे. पडलो तर मीच पडंन."

विमान उडवू नये असं कोणतंही कलम माझ्यापाशी नव्हतं. त्याला तसाच सोडून मी उतरलो असतो, तर दुसऱ्या दिवशी खराच पंचनामा करावा लागला असता. शेवटी मी कागद काढला.

"तू घरचं मयत झालं असं पाच वेळा सांगितलंस. अकस्मात मृत्यूची नोंद मला करावीच लागेल. मयत सापडेपर्यंत हे सामान मुद्देमाल म्हणून ठाण्यात राहील."

त्याने पंखावरून एकदा हात फिरवला आणि सुतळीच्या गाठी स्वतः सोडून दिल्या.

त्यानंतर दर वर्षी भात झोडून झालं की तो ठाण्यात यायचा. दारात उभा राहून विचारायचा, "सापडलं का मयत, साहेब?" मी नाही म्हणायचो. तो मान हलवून जायचा.

आठ वर्षांनी तो आला नाही, त्याचे भाऊबंद आले. तो झोपेतच गेला होता. जाण्याआधी त्यांना एवढंच सांगून ठेवलं होतं, मी गेलो का फौजदारांना म्हनावं मयत सापडलं, माझं सामान द्या.

मी नोंद बंद केली. बांबूंची तोवर माती झाली होती. कापड तेवढं दिलं. ते खांद्यावर घेऊन भाऊबंद उतारावर गेले तेव्हा वारा सुटला, आणि पेजेने ताठलेलं ते कापड दोन्ही बाजूंना उघडून त्यांच्या डोक्यावर उचललं गेलं. कितीतरी वेळ ते खाली आलं नाही.

त्याचा जीव वाचवल्याचं समाधान मला आहे. पण त्याने खरं सांगितलं असतं, तर बुरुडाने एकेक बांबू वाजवून दिला असता. माणसं आमच्यापासून गुन्हाच लपवतात असं मी समजत होतो. हसू होईल म्हणूनही लपवतात, हे त्याने शिकवलं. पुढे कोणाचाही जबाब घेताना, तो कितीही वेडगळ असला तरी, मी हसलो नाही.