असेंब्लीला बसलेली पोरगी

बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीला किती विषय लागतात, हे आमच्या कॉलेजला ठाऊक होतं. आमच्या गावाला त्यातला एकच ठाऊक होता: असेंब्ली.

गाव आमचं देवणीजवळचं. देवणीचा नुकताच तालुका झालेला, त्यामुळे लोकांना चटक लागली होती. आता उदगीर जिल्हा झालाच पाहिजे, असं सगळ्यांचं ठाम मत. पाऊस मात्र रुसलेला. गावात टँकर यायचा तो एकच, तोही मनाला येईल तेव्हा! माझी काकू त्या वर्षी सरपंच होती. म्हणजे जागा बायांसाठी राखीव होती, सही काकूची होती आणि भाषणं काकांची होती. (काकांना माईक लागत नसे. माईकला काका लागायचे.)

मी नांदेडला होस्टेलवर राहायची. वडील, आमचे अण्णा, एसटीत कंडक्टर. एकदा तिकीट फाडलं की ते बदलत नसत. मला पाठवताना त्यांनी अट घातली होती, "एक बी इषय गेला, तर बिस्तरा बांधून वापस यायचं."

गणित झालं, स्टॅटिस्टिक्स झालं, इलेक्ट्रॉनिक्स झालं, इंग्रजीसुद्धा कसंबसं झालं. आणि असेंब्ली लँग्वेजमध्ये मी उडाले! हा विषय म्हणजे यंत्राशी थेट यंत्राच्या भाषेत बोलायचं. दोन आणि दोनची बेरीज करायला अर्धं पान लिहावं लागे. माझ्या अर्ध्या पानाचं उत्तर पाच यायचं.

फेरतपासणीनंतरचा निकाल बघून मी रडतरडतच एसटीडी बूथ गाठला. गावात फोन काकांच्याच घरी. त्यांनीच उचलला.

"जय भीम काका, संगीता बोलते. अण्णांना सांगा, मला परत असेंब्लीला बसावं लागतंय."

यातला 'परत' मी नक्की म्हटला होता. तो वाटेतल्या कंधारच्या आसपास तारेवरून खाली पडला असावा.

"असेंब्लीला? तू?"

"हाव काका. कम्पल्सरी हाय! त्याच्याबिगर डिग्रीच मिळत न्हाई."

मला वाटलं, बिचाऱ्यांना धक्का बसला. पण काका मनात जुळवाजुळव करत होते. बायांना ग्रामपंचायतीत कम्पल्सरी केलं, आता असेंब्लीत, म्हणजे विधानसभेतही केलं, आणि शिकलेल्या पोरी धरून बसवायला लागले!

"सीट नंबर आला का?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"फॉर्म भरला की येईल."

"मग भर की पयले! आन रडून कामून राहिलीस? एवढी मोठी गोष्ट हाय!"

एवढा समजूतदार काका कुणाला मिळतो, या विचारानं मला आणखी रडू आलं.

दोन दिवसांनी होस्टेलसमोर जीप थांबली. आम्ही मुली तेव्हा बादल्या घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या होतो. जीपमधून काका उतरले, काकू उतरली, झेंडूचा हार उतरला आणि शेवटी इस्त्रीचा सदरा घातलेले अण्णा उतरले. मी म्हटलं, झालं, बिस्तरा बांधायची वेळ आली. पण हार कशाला?

काकांनी तो, माझ्या हातात बादली असतानाच, माझ्या गळ्यात घातला आणि रांगेकडे वळून घसा साफ केला. "भगिनींनो! आमची पोरगी असेंब्लीत गेली की पयला सवाल उदगीर जिल्ह्याचा! दुसरा टँकरचा!"

टँकरचं नाव निघताच अख्ख्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. त्या आवाजानं वॉर्डनबाई बाहेर आल्या. "हा कसला सत्कार?"

"बाई, आमची संगी असेंब्लीला बसून राहिली!"

"हो, बसणारच आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "मागच्या वेळी पडली ना."

"पडली?" काका लालबुंद झाले. "कोनं पाडली? कितीनं?"

"पंधरानं," मी पुटपुटले.

"फकस्त पंधरा! अगं, मग फेरमोजणी मागायची!"

"मागितली काका. आणखी दोन कमी झाले."

काकांनी डोक्याला हात लावला. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "काका, असेंब्ली हा इषय हाय. कॉम्प्युटरचा. मी नापास झाले."

टँकरच्या पाइपातून पाणी गळत होतं. मी अण्णांकडे बघायचं टाळत हाराची फुलं कुरतडत बसले. अण्णांनी सावकाश टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"आपल्याकडं पडल्याली मानसं पाच-पाच साल थांबून परत उभी राहतेत," ते म्हणाले. "त्यायला लाज वाटत न्हाई. तू कामून वाटून घेतीस? बस परत."

आयुष्यात पहिल्यांदा अण्णांनी फाडलेलं तिकीट बदललं होतं. काकू, जिचं एकही भाषण कुणी ऐकलं नव्हतं, तिनं माझ्या हातातली बादली काढून घेतली आणि सरपंचबाई माझ्या जागी रांगेत उभ्या राहिल्या. "तू जा, अभ्यास कर," एवढंच काकू म्हणाली. नापास झाल्यावरही मी इतकी रडले नव्हते.

पुढच्या खेपेला मी असेंब्लीतून पार झाले. काठावर, पण पार! आज अण्णा नाहीत. कॉम्प्युटरनं दोन आणि दोन पाच दाखवले की मला त्यांची ती टोपी आठवते.

गावात मात्र अजून 'आमदारीणबाई' म्हणूनच माझी ओळख आहे. मी गावी गेले की काका, आता काठी टेकत, विचारतात, "संगे, असेंब्ली पास झाली न्हवं?"

"झाले की काका!"

"मग उदगीर जिल्हा?"

म्हणजे पदवी भिंतीवर लावून झाली, नोकरीत केस पिकले, तरी गावाच्या लेखी माझा एक विषय राहिलेलाच आहे. आणि तोही कम्पल्सरी!