पट्टा बसला त्या दिवशी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक जुना टेपरेकॉर्डर. मी आतला रबरी पट्टा चढवला, कॅसेट घातली, बटण दाबलं. बायको स्टुलावर डोळे मिटून ऐकत होती.

"गाणारा झोपलाय अजून," म्हणाली. मी पट्टा काढला.

आमच्या दुकानावरनं कधी गेला असाल तर तिला बघितलं असंल तुम्ही. पाना कधी हातात धरला नाही तिनं, पण कान तिचा. माझे कान तरुणपणी फौंड्रीच्या खडखडाटात गेले. मशीन हळू फिरलं की "गाणारा झोपलाय", जोरात फिरलं की "कुत्रं लागलंय मागं". गिऱ्हाईक हसायचं, ती हसायची नाही.

या मशीनचे पट्टे आता कुठं मिळत नाहीत. पंपात घालतात त्या रबरी रिंगा चालतात, हे तिनंच शोधलं. जुना पट्टा दोऱ्यानं मापायची आणि बोटभर कमीच सांगायची. "जुना रबर ताणलेला असतोय. त्या मापानं आणलासा की फसलासा."

त्या दिवशीही तिनं माप सांगितलं. मग छातीवर हात ठेवला.

"अवो, हितं जड वाटतंय. दवाखान्यात जाऊया का?"

"पित्त असंल. सोडा पी. शिरोलीतनं रिंग घेऊन येतो, मग जाऊ."

"गिऱ्हाईक काय पळून चाललंय व्हय?"

"मग तू चाललीस व्हय पळून?"

असं बोललो मी.

दोन तासांनी आलो. ती तिथंच, घामानं भिजलेली. तरी मी आधी रिंग बसवली. बटण दाबलं.

"आता बरोबर हाय," म्हणाली.

रिक्षातच तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली. कधीपासनं दुखत होतं, डॉक्टरनं विचारलं.

लोक म्हणतात, तिचं तेवढंच होतं. कसलं तेवढंच? रिक्षा आणायची सोडून मी रबर आणायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतकातच दुकान उघडलं. भावकी दारात येऊन ओरडली, मी बघितलं नाही. मशीन खोललं, रिंग काढली, कात्रीनं तुकडे केले. झाकण लावून मशीन गिऱ्हाईकाच्या घरी नेऊन दिलं.

"झालं न्हाय व्हय, मिस्त्री?"

"पट्टा मिळाला न्हाय," म्हणालो आणि माघारी वळलो.