झेंडूआड गेलेला डोळा

कार्तिकातलं धुकं उसात अडकून राहतं, रस्त्यावर उतरायला उशीर करतं. आमच्या आखाड्यासमोर, म्हणजे शेतातल्या घरासमोर, मी त्या दिवसांत सकाळची नुसती उभी राहायची आणि मला खरंच वाटायचं की ऊस श्वास घेतोय. "ही पोरगी उघड्या डोळ्यानं झोपते," असं आई माझ्या लहानपणापासून सांगत आलीय. चाळिशीला टेकले तरी त्यात फरक नाही. पुण्यातल्या एका कंपनीत मी रस्त्यांच्या सुरक्षेचं काम करते, तेही बरंचसं असंच तंद्रीत.

युसूफ वडगावकडून येणारा रस्ता आमच्या दारात एकदम वळतो. पलीकडे ऊस. तो वाढला की वळणामागचं काही म्हणजे काही दिसत नाही. आई दिवसातून दहा वेळा हा रस्ता ओलांडते. कधी शेळीच्या मागे, कधी चाऱ्याला, कधी उगाच. नव्या यंत्रणेच्या चाचणीसाठी जागा शोधायची वेळ आली तेव्हा मी हट्टाने हेच वळण घेतलं. साहेबांपुढे नकाशे मांडले, मनात फक्त आई होती.

यंत्रणा सांगायला सोपी आहे. दादाच्या ट्रॅक्टरमध्ये एक डबी, दुधाच्या टेम्पोत एक, एसटीत एक. आपली गाडी कुठे आहे, किती वेगात येतेय, हे डब्या एकमेकींना सांगत राहतात. ज्यांच्याकडे डबी नाही, म्हणजे माणसं, शेळ्या, सायकलवाले, त्यांच्यासाठी उसाच्या कोपऱ्यावर खांब रोवून त्याला पेटी लावली. पेटीला कॅमेऱ्याचा डोळा. उसाची पानं आड येऊ नयेत म्हणून तो हाताला लागेल इतका खाली बसवला. कुणी रस्त्यात दिसलं की पेटी डब्यांना लाल दिवा लावून वाजायला सांगणार. आणि हे सगळं ती जागच्या जागी ठरवणार, पुण्याला विचारत बसणार नाही.

"म्हंजी तालुक्याला खेटे न्हाईत," दादा म्हणाला. "पारावरच निकाल."

दादा, माझा थोरला भाऊ, कारखान्याला ऊस वाहतो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि टपावर भोंग्याएवढा स्पीकर. आमच्याकडे उसाचा ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याचं गाणं येतं. त्या आवाजाचा मला लहानपणापासून राग. शिवाय त्यात डबीचा इशारा ऐकू आला नसता.

"दादा, हा धिंगाणा बंद कर बघू."

"अन् वळणावर हॉर्न?"

"त्याचीही गरज नाही. हिरवा दिवा म्हणजे रस्ता मोकळा."

"तू शिकलेली हायस. तू म्हणशील तसं," म्हणाला आणि स्पीकरची वायर काढली.

हंगामाच्या पहिल्या खेपेच्या दिवशी आईने उजाडताच ट्रॅक्टरची पूजा केली. बोनेटला हळदीकुंकू, चाकापुढे नारळ. दादा पलीकडच्या शिवारात ऊस भरायला गेला. मी ओट्यावर लॅपटॉप उघडून बसले. चाचणीपुरतं पेटीला दिसणारं चित्र मलाही दिसायचं. धुकं विरत होतं. आणि हळूहळू सगळा पडदा केशरी झाला, ऊबदार, थोडा हलता. मला वाटलं, ऊन आलं. इतकं देखणं ऊन पेटीच्या नशिबी यावं, याचं कौतुक करत मी बघत राहिले. बाजूला हिरवी खूण होती. रस्ता मोकळा.

ते ऊन नव्हतं, झेंडू होता. ट्रॅक्टरला पूजा आणि त्याला सांभाळणाऱ्या पेटीला काहीच नाही, हे आईच्या मनाला पटलं नव्हतं. ताट घेऊन ती गुपचूप पलीकडे गेली, पेटीच्या डोळ्याला हळदीकुंकू लावलं, वरून हार घातला आणि हात जोडून परत फिरली. रस्त्याच्या मधोमध आली तेव्हा वळणावरून दादा आला. गाणं नाही, हॉर्न नाही, समोर हिरवा दिवा.

मी ब्रेकचा आवाज ऐकला. मागची ट्रॉली लचकली, ऊस रस्त्यावर सांडला. धावत गेले तेव्हा आई कडेच्या चारीत बसली होती. कोपर खरचटलेलं, बाकी धड. पूजेचं ताट चाकाखाली पापडासारखं सपाट झालं होतं. "काळ आलता, येळ आली नव्हती," एवढंच दादा पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आई मात्र त्याच्यावर चिडली. "गाणं कावून बंद केलंस रं? तुजं गाणं आलं न्हाई, म्हून मी निघाले."

दादाने माझं नाव घेतलं नाही. मी मान वर करू शकले नाही. पेटीला मी माणूस ओळखायला शिकवलं होतं, शेळी ओळखायला शिकवलं होतं. डोळा झाकला तर ओरडायचं, हे शिकवलं नव्हतं. काही दिसत नाही म्हणजे काही नाही, असं ती समजली. मीही तेच समजून बसले होते.

त्याच दिवशी दादाने स्पीकरची वायर जोडली, मीच धरली होती. हॉर्नही पुन्हा सुरू झाला. पेटीला मी नवा धडा दिला. डोळा झाकला गेला की सगळ्यांचे दिवे लाल करायचे आणि त्या क्षणाचा एक फोटो मला पाठवायचा. एरवी पेटीतलं चित्र पेटीतच राहतं.

आता कुंकू खांबाला लागतं. डोळा आई रोज सकाळी पदराने पुसते, आणि रोज सकाळी पुण्यात माझा फोन वाजतो. फोटोत कधी हिरवा पदर, कधी निळा, कधी आईचं अगदी जवळ आलेलं नाक. ऑफिसमधले म्हणतात, हा रोजचा खोटा इशारा बंद करून टाका. मी हो म्हणते आणि करत नाही.

कधी फोटो यायला उशीर होतो. मग मी कासावीस होते, फोन लावते.

"आगं, पुसायचं राहिलंच," आई म्हणते आणि फोन कानाला लावूनच निघते. तिची पावलं ऐकू येतात. मग लांबून दादाचं गाणं येतं, मोठं होतं, नकोसं होतं. पावलं थांबतात. गाणं समोरून निघून जातं. पावलं पुन्हा चालू लागतात, आणि थोड्या वेळाने माझ्या फोनवर पदराचा फोटो येतो.