पंखा बंद

टेबल टेनिसचा चेंडू इतका हलका असतो की नुसत्या वाऱ्यानंही वाट सोडतो. त्यामुळे वणीत, आमच्या कोळसा खाणीच्या कॉलनीतल्या क्लबात मी सरावाला गेले की पंखा बंद करावा लागायचा. त्याच हॉलच्या कोपऱ्यात बाबांच्या खाणीतले चार काका ड्युटी संपवून पत्ते कुटत बसलेले असायचे. वणीचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांनाच कळेल, मी त्यांच्याकडून काय हिरावून घेत होते ते.

तरी मी दारात दिसले की त्यांतले सगळ्यात वयस्कर काका स्वतः उठायचे. "पंखा बंद करा रे, पोरगी आली!" मग चौघंही गळ्यातल्या टॉवेलनं मान पुसत डाव मांडायचे. एकदा मीच ओशाळून म्हटलं, थोडा वेळ लावा ना. तर म्हणाले, "कायले? पत्तेबी उडून नाही राह्यले, बरंच हाय. तू टीव्हीवर खेळताना दिसशीन नं, त्या दिवशी फुल सोडू पंखा."

जिल्ह्यात मी पहिली आले. राज्याच्या शिबिरासाठी पुण्याहून बोलावणं आलं, ते नेमकं बारावीच्या वर्षी. घरात कुणी आरडाओरडा केला नाही. बाबा एवढंच म्हणाले, "आधी बारावी होऊ दे, मग खेळ." मलाही ते शहाणपणाचं वाटलं, आणि याचाच मला आज जास्त राग येतो. बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं, यवतमाळला नोकरी लागली. ते 'मग' काही उगवलं नाही. माझ्याबरोबर निवडलेली एक मुलगी आता राज्याकडून खेळते. तिचे सामने मी मोबाइलवर बघते आणि तिचा बॅकहँड जाळीत गेला की मला बरं वाटतं. वाटू नये, पण वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीला घरी गेले होते. बाबांना जेवायला बोलवायला क्लबात डोकावले. टेबलावर कोळशाच्या धुळीचा थर होता. कोपऱ्यात तेच चौघं, आता रिटायर झालेले. मला पाहताच काका गुडघ्यावर हात टेकत उठले.

"पंखा बंद करा रे, पोरगी आली!"

पंखा थांबला. चौघांनी टॉवेल काढले आणि घाम पुसत पुन्हा पत्ते हातात घेतले. मी रिकाम्या हातांनी टेबलाशी उभी राहिले. काका, लावा पंखा, मी आता नाही खेळत, एवढं सांगायला माझी जीभ रेटेना.