काळा पळस

मास्तरांनी फोटो डोळ्यांना जवळजवळ चिकटवला आणि विचारलं, "काहून रे बाप्पा, माह्या पळसाचा कोळसा करून आनला का?"

चित्रातला पळस शेंदरी होता. माझ्या फोटोत फुलं काळीकुट्ट.

अकोल्याच्या एका छापखान्यात मी कॅमेरामन होतो. चित्राचा फोटो काढायचा, त्यावरून जस्ताचा ठसा करायचा. त्या ठशाला ब्लॉक म्हणत. अंजनगाव सुर्जीच्या या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी वऱ्हाडातली झाडं जलरंगात काढली होती. आमचे मालक भाऊसाहेब त्यांचं पुस्तक छापणार होते, एकाच काळ्या शाईत. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नवी चित्रं आता होणार नव्हती आणि असलेली ते घराबाहेर जाऊ देत नव्हते. त्यामुळे कॅमेराच एसटीनं, माझ्या मांडीवर बसून, त्यांच्याकडे गेला होता.

"आनखी एक डाव पाहा," मास्तर म्हणाले. "नाही जमलं तर पुस्तक राहू द्या. लोकाईले माही झाडं जळालेली नाही दाखवाची."

अकोल्यात भाऊसाहेब मुंबईचा कॅटलॉग उघडून बसले होते. "हा जर्मन कॅमेरा मागवू. पाह्य कसा रुबाबदार हाय!"

"साहेब, त्यालाही पळस काळाच दिसेल."

"काहून? जर्मन हाय ना?"

दोष कॅमेऱ्याचा नव्हता, प्लेटचा होता. प्लेट म्हणजे रसायन लावलेली काच. फिल्मऐवजी आम्ही ती वापरायचो. आमच्या नेहमीच्या प्लेटला लाल-शेंदरी रंग दिसतच नसे, फोटोत तो काळा येई. जाहिरातींच्या काळ्या रेघांना ती चालायची, म्हणून मी विचार न करता तीच नेली. सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट मिळत होती. पण ती मिट्ट अंधारात धुवावी लागे, लाल दिवासुद्धा चालत नसे. म्हणून मी ती टाळत आलो होतो. हे टाळणं तेवढं भाऊसाहेबांना सांगितलं नाही.

दोष प्लेटचा आहे हे तोंडी सांगून त्यांना पटेना. मग त्यांच्या बायकोकडून, वहिनींकडून, कुंकू आणि नीळ मागितली. कागदावर दोन ठिपके दिले आणि दोन्ही प्लेटांवर फोटो काढले. साध्या प्लेटच्या फोटोत कुंकू काळं, नीळ पांढऱ्या कागदात गायब. दुसरीच्या फोटोत, लेन्सपुढे निळ्याचा जोर कमी करणारी पिवळी काच लावल्यावर, दोन्ही ठिपके डोळ्याला दिसतात तितकेच गडद.

"म्हंजे प्लेटा आन् एवढीशी पिवळी काच?" भाऊसाहेब हिरमुसले. "लोकाईले दाखवू काय मी?"

पुन्हा अंजनगावला गेलो. ओसरीवर, सावलीत, पळसाचा फोटो काढला. अकोल्यात चाचपडत प्लेट धुतली. दोनदा कपाळ आपटलं, प्लेट वाचली.

नवा फोटो मास्तरांनी थेट बायकोकडे, काकूंकडे, दिला. "तूच सांग."

काकू खिडकीशी गेल्या. "पळस फुलला. पन खोड तिरपं हाय."

"ते कॅमेऱ्यानं केलं!" मास्तर उसळले.

काकूंनी मूळ चित्र शेजारी धरलं. "यातबी तिरपंच हाय. मी तवाच म्हनलं होतं."

मास्तरांनी चित्र डोळ्यांशी नेऊन पाहिलं. मग हळूच मला म्हणाले, "बाबू, खोड सरळ करनारी एखादी काच नसते का?"

"अजून निघाली नाही, मास्तर."

"मंग राहू दे. झाडच तसं होतं. बाकीच्याईचेबी फोटो काढून घे."

पुस्तक निघालं. मास्तर आल्यागेल्याला ते दाखवत आणि खोड तिरपं का, याचं दर वेळी नवं कारण सांगत.

पुढे मी बरीच यंत्रं निवडली. विकणारा यंत्राला काय काय जमतं ते सांगतो. मी फक्त विचारतो, याला काय दिसत नाही? बहुतेक विकणाऱ्यांना नेमकी तेव्हाच चहा मागवायची आठवण होते.