उसवलेलं पुस्तक

माझं शुद्धलेखन चांगलं नाही. चौथी झाल्यावर शाळा सुटली, त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घ सांगायला कुणी राहिलं नाही. अक्षरही वाकडं आहे, ओळ लिहिता लिहिता खाली उतरते. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी चुकून कुणाच्या हाती पडलं तर त्यानं सांभाळून घ्यावं.

सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहत होतो. आमचे हे मिलमध्ये जायचे आणि मी घरी बसून चादरींच्या दशांना गाठी मारायची. चौकातल्या किराणा दुकानाच्या माडीवर एक लहानसं वाचनालय होतं. दहा रुपये अनामत ठेवली की कार्ड मिळायचं आणि कार्डावर आठवड्याला एक पुस्तक. त्या दहा रुपयांसाठी मी दिवाळीपासून गाठींचे पैसे बाजूला टाकत होते. ह्यांनी एवढंच सांगितलं, "ठेव. पन बुडाले तर परत त्याचं नाव काडायचं न्हाई."

मला ते पुरे होतं. शाळा सुटल्यापासून गोष्टीचं पुस्तक माझ्या हाताला लागलं नव्हतं.

कार्ड माझ्या नावाचं, पण वाचणाऱ्या तिघी होतो. महिन्याची वर्गणी तिघी मिळून भरायचो. एक शेजारीण सातवी पास होती. तिला आम्ही चेष्टेनं मास्तरीणबाई म्हणायचो आणि तिला ते आवडायचं. कुठलं पुस्तक आणायचं हे तीच ठरवायची. दुसरी समोरची अक्का. तेलुगू बोलणाऱ्या घरातली, नवऱ्याचा माग होता, पण शिकलेली मराठी शाळेत. पुस्तक एक आणि आठवडा एक. मास्तरीणबाई चार दिवस पुस्तक सोडायची नाही, अक्का दोन दिवस ठेवायची, आणि मी बोट ठेवून वाचणारी, माझं निम्मंही होत नसे.

त्यावर तोड काढली मागच्या बोळातल्या खालानं. तिचे मियाँ व्यापाऱ्यांच्या वह्या बांधून द्यायचे आणि शिवण्याचं काम खाला करायची. तिला उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. आमचं भांडण ऐकून ती म्हणाली, "एक किताब पे तीन जन्या कायको झगडते गे? लाव इधर."

तिनं पुठ्ठा अलगद सोडवला, शिवण उसवली आणि पुस्तकाच्या सुट्या घड्या आमच्या पुढ्यात ठेवल्या. सोळा पानांची एक घडी, तिला ती फर्मा म्हणायची. आता तिघी एकाच वेळी वाचू शकत होतो. परत करायच्या आदल्या दिवशी ती जुन्याच भोकांतून दोरा घालून पुस्तक पहिल्यासारखं करून द्यायची. मजुरी एकच. ती शिवत असताना आम्ही तिला गोष्ट सांगायची.

अशी किती पुस्तकं गेली आणि आली, वाचनालयातल्या काकांना पत्ता लागला नाही. आमच्या वाचण्यात मात्र सगळा गोंधळ. कुणाच्या वाट्याला आधी शेवट यायचा, कुणाच्या वाट्याला मधलंच काही.

"दिवाणजी मेला का गं?" मास्तरीणबाई नळावर विचारायची.

"कवा मेला? माझ्यात आत्ता जेवायला बसलाय त्यो," मी म्हणायची.

"जेवू दे की मग," अक्का म्हणायची, "त्याला आनि मला काय सांगू नका."

हा दिवाणजी ज्या पुस्तकातला, तेच आमच्या मुळावर आलं. जाडजूड रहस्यकथा होती. मोठ्या घरात विष घालून खून होतो आणि घरातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे संशयानं बघतो. मास्तरीणबाईनं "वाचाच तुमी, झोप लागणार न्हाई," म्हणून ते आणायला लावलं होतं. वाचताना मला मध्ये एके ठिकाणी दुवा लागेना. धाकटी सून एकदम माहेरी गेलेली, आणि का गेली ते कुठंच नाही. मला वाटलं ते पान दोघींपैकी कुणाकडे असेल. आणि खरं सांगायचं तर असंही वाटलं, की चौथीवालीला सगळं कुठून कळणार. म्हणून विचारलं नाही.

शिवायच्या दिवशी खालाला गोष्ट सांगताना मी त्या जागी अडखळले. मास्तरीणबाईनं लगेच धागा उचलला. धाकट्या सुनेनं अडगळीच्या खोलीत दिवाणजीला काहीतरी पुरताना बघितलं, त्यानं तिला धमकावलं, म्हणून ती पहाटेच्या गाडीनं माहेरी गेली. छान सांगितलं तिनं. खालाची सुई थांबली होती.

पुस्तक परत गेलं. पुढच्या आठवड्यात मी माडीवर गेले तर काकांनी तेच पुस्तक माझ्यासमोर आपटलं.

"एक्क्याऐंशी ते शहाण्णव. ही पानं कुठं आहेत, बाई?"

मी पानं उलटून आकडे बघायला लागले. मी तशीही परक्या माणसाशी बोलत नसे. जिन्यात दोन माणसं उभी राहून बघत होती.

"फाटलेली नाहीत. शिवणीतून काढल्यासारखी गेलीत," काका पुठ्ठा वाकवून म्हणाले. "अशी चोरी मी पहिल्यांदा बघतोय."

पुस्तकाची किंमत बारा रुपये. त्यांनी अनामत कापून घेतली, वर दोन रुपये मागितले आणि माझं कार्ड माझ्यासमोर फाडलं. दोन रुपये मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. ह्यांना सांगितलं नाही. नवं कार्ड हवं तर पुन्हा दहा रुपये ठेवा, असं काका म्हणाले. ते कुठून आणायचे?

त्या दिवसापासून पुस्तकातला संशय आमच्या बोळात उतरला. सोळा पानं आपोआप जात नाहीत. मी विरजणाचं निमित्त करून अक्काकडे गेले आणि ती आत वळली तशी मागाशेजारच्या कपाटावरची रद्दी बघितली. ती वाटी घेऊन परत आली तेव्हा माझा हात अजून रद्दीवर होता.

"काय शोदताय, वैनी?"

"काय न्हाई. झुरळ दिसलं."

"माज्या घरात झुरळ न्हाईत," अक्का म्हणाली आणि विरजण माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवलं.

खालाला विचारलं तर ती तडकली. "गिनके सी दी मैं. जित्ते आए उत्ते सिए. मेरे घर में मराठी कौन पढ़ता?"

मग माझं मन मास्तरीणबाईवर येऊन बसलं. त्या हरवलेल्या पानांत काय होतं ते तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. म्हणजे तिनं ती वाचली होती. म्हणजे ती तिच्याकडेच होती. सरळ गोष्ट. मी तिच्याशी नळावर बोलायची बंद झाले. तीही घागर भरून मान न वळवता जायची. एकदा मला ऐकू जाईल असं अक्काला म्हणाली, "आपल्या नावाचं कार्ड असलं की मानूस दुसऱ्याला चोर म्हनायला मोकळं."

कुणी कुणाला पुस्तक सांगेना. दुपारी मी गाठी मारत बसायची आणि दिवाणजीचाच विचार करायची.

महिन्याभरानं खाला आली. बुरख्याखालून तिनं एक लाकडी फळी काढली. पुठ्ठ्याला खळ लावताना खाली घ्यायची फळी होती ती. तिच्या कोपऱ्याला कागदाचा तुकडा खळीनं घट्ट चिकटला होता. अर्धं पान, वर आकडा एक्क्याऐंशी, आणि खाली 'दिवाणजी' हा शब्द मला स्पष्ट वाचता आला.

"मियाँ का काम ये," ती म्हणाली. "पहलेच दिन. मैं किताब खोली और पानी भरने गई. इनों वो फर्मा रद्दी समजके नीचे लिए, ऊपर व्यापारी की वही चिपकाए और फेंक दिए. कल फळी धुने गई तो दिखा."

मी फळीकडे बघितलं आणि तिच्याकडे बघितलं.

"पैल्याच दिवशी गेलं, तर मास्तरीणबाईनं वाचलं कुटनं?"

खालानं हात हलवले. ते तिलाही ठाऊक नव्हतं. "बारा रुपये मैं देऊंगी. एकदम नहीं होते. थोडे थोडे."

ती गेली तरी मला पटलं नाही. दोघींतली एक खोटं बोलत होती. कागद आता मागाहून चिकटवला असेल. मास्तरीणबाईला वाचवण्यासाठी असेल. दोघींचं जमायचं चांगलं. पण दुसऱ्याच्या पानांसाठी पदरचे बारा रुपये कुणी भरतं का? खाला वह्या शिवायची त्याचे पैसे घरखर्चाला जायचे. तरी ती रुपया आणायची, कधी आठ आणे आणायची. प्रत्येक वेळी मी ते घ्यायची आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायची.

शेवटी मलाच राहवेना. नळावर कुणी नव्हतं तेव्हा मास्तरीणबाईला गाठलं आणि खालाची फळी काय बोलली ते सांगितलं. आयुष्यात मी कुणाला इतकं सरळ विचारलं नव्हतं.

"तुमी ती पानं वाचली का न्हाई?"

तिनं घागर नळाखालून काढली. पाणी वाया चाललं होतं.

"न्हाई," ती म्हणाली.

"मग अडगळीची खोली? पहाटेची गाडी?"

"जुळवलं मी. मागचं पुडचं बघून." तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "सातवी झालेल्या बाईनं मधलं कळलं न्हाई म्हनून सांगावं व्हय तुमाला? मला वाटलं तुमी दोघींनी वाचलंय, माझंच काहीतरी चुकतंय."

मला हसू आलं आणि ते मी घागरीत तोंड घालून दाबलं. आम्हा दोघींनाही एकच वाटलं होतं. तरी घरी येताना मनात आलंच, हेही तिनं जुळवलेलं नसेल ना? ती जुळवायला हुशार होती.

पावसाळा संपत आला तेव्हा खाला शेवटचा रुपया घेऊन आली. ओढणीच्या टोकाला बांधलेला. तोवर तिच्या बोटांना शिवण्याचे नवे घट्टे पडलेले मी बघितले होते. मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या खाला. एवडं काय."

"नक्को," ती म्हणाली. "एक रुपया बाकी रखी तो तेरे दिल में मेरा शक बाकी रहेगा. गिन."

"कशाला मोजू?"

"गिन बोली ना."

तिचे पैसे ठेवलेला डबा मी उतरवला आणि तिच्यासमोर जमिनीवर सगळे मांडले. नाणी, चुरगळलेल्या नोटा. ती उकिडवी बसून माझ्या बोटांकडे बघत होती, मी पुस्तकाच्या ओळीवर फिरवते तशीच बोटं फिरत होती. शेवटचा रुपया तिनं आपल्या हातानं ठेवला.

"कित्ते हुए?"

"बारा," मी म्हटलं. "फिटले सगळे."