जादोयच्या उंबऱ्याखालचं वाडगं

शहर नवं होतं, पण वेशीची दारं जुनी. दजला नदीच्या काठी अमीरांनी नगर वसवलं तेव्हा आमच्या गावाची दारं काढून तिथं नेली, आणि दारांमागोमाग त्यांचा पिढीजात राखणदार जादोयही गेला. जादोय बुटका, लाजरा माणूस. माणसांशी कमी आणि दाराशी जास्त बोलायचा. सूर्य मावळायच्या आत मात्र त्याला शहराबाहेर पडावं लागे. आसपासच्या गावांतल्या कुणीही शहरात मुक्काम करायचा नाही, असा अमीरांचा हुकूम होता. अमीरांचा कुणावरच भरवसा नव्हता. पाणीसुद्धा ते आधी दुसऱ्याला पाजत आणि मग पीत.

महिन्याभरात दारं खचली. सकाळी उघडेनात, संध्याकाळी लागेनात. पहाऱ्यावरचा नायक शुरैक याला वाटलं, शत्रूला वाट मोकळी राहावी म्हणून जादोयच काहीतरी करतोय. जादोयनं त्याला समजावलं की शिपायांनी दारं आणली, पण दाराची खुंटी ज्यात फिरते तो काळा दगड गावातच राहिला. नव्या वेशीच्या ओल्या विटांना एवढं ओझं कसं पेलणार? शुरैकला यातही काही डाव दिसला. दगड आणायला त्यानं जादोयला धाडलं, पण स्वतः तलवार घेऊन सोबत गेला.

गावच्या वेशीचा उंबरा खणला. दगड निघाला, आणि त्याला लागून पालथं घातलेलं मातीचं वाडगं. आतून शाईनं गोल गोल लिहिलेलं. बाधा घरात येऊ नये म्हणून आमच्याकडे असं वाडगं उंबऱ्याखाली पुरतात. ते तिथं आहे हे जादोय विसरूनच गेला होता. शुरैकनं काही न विचारता त्याचे हात मागे बांधले. शहरात करणी करणाऱ्याची मान उडवत असत.

अमीरांपुढे एका कारकुनानं वाडगं फिरवत फिरवत वाचलं. वाईट मनानं या उंबऱ्यावर येईल त्याचे पाय बांधले जावोत, माहदुख्तच्या मुलाच्या दाराला त्याचा हात न लागो.

"ही माहदुख्त कोण?" अमीरांनी विचारलं.

"माझी आजी, सरकार. मुलगा म्हणजे माझे वडील."

"मग त्याच्या बापाचं नाव का लपवलंय?"

कारकून म्हणाला की मंत्रात आईचंच नाव घालतात, बापाची खात्री कोण देणार? शिपाई हसले. अमीर हसले नाहीत.

"ते दार काढून कुणी नेलं?"

"आपण, सरकार."

"मग हा मंत्र कुणावर आहे?"

जादोय खाली बघत म्हणाला, "वाईट मनानं येईल त्याच्यावर. आपण कसल्या मनानं आलात, ते मला कसं कळणार, सरकार?"

शुरैकचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. अमीरांनी त्याला थांबवलं आणि बसल्या जागी पाय थोडे हलवून पाहिले. मग म्हणाले, "दगड बसवा. वाडगंही होतं तसंच पालथं ठेवा. आणि हा माणूस आता शहरातच राहील. मंत्र त्याच्या घराण्याचा आहे. बाहेर बसून यानं तो आमच्यावर उलटवला तर?"

दार पुन्हा एका हातानं लागू लागलं. जादोयला वेशीतली खोली मिळाली, पण त्याची बायको बूरान हिला आत यायची परवानगी मिळाली नाही. ती रोज दुपारी भाकरी आणि भाजलेला मासा घेऊन येई, उंबऱ्याबाहेर बसे. तो आत उभ्यानं खाई. ऊन उतरलं की तीच म्हणे, "अहो, लावा आता. तो नायक बघतोय."

ती खजुरीच्या झाडांपलीकडे जाईपर्यंत जादोय एक दार उघडं धरून ठेवी. आणि शुरैक रोज मागून विचारी, "कुणाला खुणा करतोयस रे?"